दोन राज्यांचं राजकारण, एक मोबाइल: इंदूरच्या मराठी घरात आलेला मेसेज कसा तपासायचा

२०२४ च्या मे महिन्यात मी स्वतः एक चुकीची बातमी इंदूरभर पसरवली. इंदूरभर म्हणजे आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर. पण तिथून ती कुठे कुठे गेली हे मला कधीच कळणार नाही, म्हणून इंदूरभर म्हणते.

झालं असं. २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, इंदूर लोकसभेच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज काढून घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. मग काँग्रेसने लोकांना नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हे बटण दाबायचं आवाहन केलं. पोह्यांच्या ठेल्यावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. अशात ठाण्याच्या मावसभावाचा मेसेज आला, शुद्ध मराठीत: नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते, तसा आयोगाचा आदेशच आहे. मी हिंदी-मराठी भाषांतराची कामं करते. हात शिवशिवले. पाच मिनिटांत त्याचं झकास हिंदी केलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त वकील जिन्यात भेटले. म्हणाले, "भाभीजी, आदेश तो सही है, पर अपने यहाँ का नहीं है।"

खरंच होतं ते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने असा आदेश काढला होता, पण तो महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांपुरता. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे असतात, ती वेगळी संस्था. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर तिथे नोटा आलं खरं, पण नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. निकाल लागला तेव्हा इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं होती, विजयी उमेदवाराला १२,२६,७५१, आणि त्यांच्याखालच्या उमेदवाराला ५१,६५९. नोटाला वीस लाख पडली असती तरी फेरनिवडणूक झाली नसती.

तो मेसेज कुणी दुष्टपणाने रचलेला नव्हता. महाराष्ट्रात खरी असलेली गोष्ट मध्य प्रदेशात येऊन खोटी झाली, आणि तिला सीमा ओलांडून देणारी मी होते. आपल्यासारख्या घरांची हीच खरी अडचण आहे. नातेवाइकांकडून महाराष्ट्राचं राजकारण मराठीत येतं, शेजाऱ्यांकडून मध्य प्रदेशाचं हिंदीत येतं, दोन्हींची लिपी एकच, आणि दोन्ही भाषा कळणारे आपण मधोमध. पुण्याच्या माणसाकडून जो मराठी मेसेज हिंदीत गेला नसता तो आपण हिंदीत नेतो, आणि उलटही. तेव्हा खाली जे सांगते आहे ते या मधल्या जागेवर बसलेल्या माणसासाठी आहे.

आधी विचारा: हे कुठलं?

खरं की खोटं हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, कुठल्या राज्याचं, कुठल्या निवडणुकीचं, कुठल्या वर्षाचं. निम्मे मेसेज इथेच गळतात.

सगळ्यात जास्त घोळ बहिणींचा. मध्य प्रदेशातली 'लाडली बहना' २०२३ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रातली 'माझी लाडकी बहीण' २०२४ मध्ये. आपल्याकडे जून २०२३ मध्ये महिना हजार रुपयांनी सुरुवात झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून साडेबाराशे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून दीड हजार. महाराष्ट्रात पहिल्यापासून दीड हजार. म्हणजे आता आकडाही सारखा, आणि नाव तर सारखं होतंच. पण इथली योजना २१ ते ६० वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकांसाठी आहे. तिथे वय ६५ पर्यंत, आणि कुटुंबातल्या एका अविवाहित स्त्रीलाही घेतलं जातं. 'ई-केवायसी केलं नाही तर पैसे बंद' असा मेसेज आला की मजकुरात 'समग्र आयडी' आहे का बघा. समग्र हा शब्द मध्य प्रदेशाचा. 'नारीशक्ती दूत' असेल तर तो महाराष्ट्राचा, आणि तुमच्या सुनेने त्यापायी लोकसेवा केंद्रात रांग लावायची गरज नाही.

उलटा घोळही होतो, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा पुढचा टप्पा जाहीर झाला. त्यात मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. नोव्हेंबरात बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रनिहाय यादी सांभाळणारे कर्मचारी, घरोघरी फॉर्म घेऊन फिरायला लागले. माझ्या बहिणीने पुण्याहून फोन केला: असला काही फॉर्म नसतो, कुणी कागद मागितले तर दार लावून घे. तिच्या काळजीत काही खोट नव्हती, पण तिचं ऐकून फॉर्म भरला नसता तर नाव यादीतून जायची पाळी आली असती. सगळं खोटंच असतं असं धरून चालणारा माणूस सावध असतो असं नाही, तोही फसतोच, फक्त दुसऱ्या बाजूने.

मग वाक्य सोला

राजकीय मेसेजमध्ये विशेषणं फार असतात. ती काढून टाका. 'निर्लज्ज सरकारने गरिबांच्या तोंडचा घास हिरावला' यात तपासण्यासारखं काही नाही, ते मत आहे, आणि मत असायचा हक्क प्रत्येकाला आहे. 'अमुक महिन्यापासून अमुक जिल्ह्यातलं रेशन निम्मं केलं' हा दावा. कोण, कुठे, कधी, किती यातलं एकही उत्तर वाक्यात नसेल तर ते तपासत बसू नका. चिडायचं असेल तर चिडा, पण पुढे पाठवायला त्यात काही नाही.

कलमांच्या आकड्यांनी मात्र दबून जाऊ नका. दर निवडणुकीला एक मेसेज येतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, 'कलम ४९ अ' खाली 'चॅलेंज व्होट' मागा. निवडणूक नियमांमधला ४९ अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. तुमच्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ४९ पी खाली 'टेंडर व्होट' मिळतं, पण त्यासाठी नाव यादीत हवंच. यादीत नाव नसेल तर कुठलाही आकडा उच्चारून मत देता येत नाही. ते आधी, घरी बसून, आयोगाच्या पोर्टलवर किंवा १९५० ला फोन करून बघायचं असतं.

व्हॉट्सॲपच्या खुणा

मेसेजच्या डोक्यावर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं तर तो किमान पाच हातांतून आला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, एप्रिल २०२० पासूनचा नियम आहे. पण खूण नाही म्हणून मेसेज ताजा असं समजू नका. मजकूर कॉपी करून चिकटवला, किंवा माझ्यासारखं कुणी भाषांतर केलं, की बाण पुसले जातात आणि तो ताज्या, घरगुती वाटणाऱ्या मेसेजच्या रूपात फिरतो. भाषांतरित अफवेला आई-बाप नसतात.

फोटो आणि व्हिडिओ: पाट्या वाचा

जुलै २०१८ च्या पहिल्या तारखेला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, मंगळवेढ्याकडचे. त्या काळात देशभर मुलं पळवण्याच्या अफवांबरोबर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरून येऊन मूल उचलतात. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होता. मूळ फितीत मूल परत आणून सोडतात आणि एक पाटी दाखवतात, कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो म्हणून. शेवट तेवढा कापला होता.

म्हणून व्हिडिओ आला की त्याच्या आधी काय, नंतर काय हे शोधायचं. रीत सोपी आहे. व्हिडिओ थांबवून तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या, वर लिहिलेली पट्टी कापून टाका, आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाका. एका चित्रावर काही मिळालं नाही तर दुसरं. सापडलेल्यांत सगळ्यात जुनी तारीख कुठली ते बघा. काल इंदूरमध्ये घडलेली घटना तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत दिसत असेल तर आणखी काही करायची गरज उरत नाही.

लेन्सने हात टेकले तरी आपल्याकडे एक साधन आहे जे दिल्लीच्या फॅक्ट-चेकरकडे सहज नसतं: आपल्याला दोन्हीकडच्या पाट्या वाचता येतात. गाडीवर 'पुलिस' आहे की 'पोलीस'? पहिलं असेल तर महाराष्ट्र नाही. दुकानाच्या पाटीवर 'ळ' दिसला तर ते हिंदी मुलखातलं गाव असण्याची शक्यता फार कमी. आपल्याकडची कचरागाडी 'नगर पालिक निगम'ची, तिकडची 'महानगरपालिके'ची. विजेच्या खांबाशेजारी 'महावितरण' लिहिलं असेल तर ते इथलं नव्हे. नंबरप्लेट एमपी ०९ म्हणजे इंदूर, एमएच म्हणजे सीमेपलीकडचं, पण एखाद दुसरी गाडी बघून ठरवू नका, कारण सुट्टीत अर्धं जळगाव आपल्या सराफ्याच्या खाऊबाजारात खात उभं असतं. आसपासच्या पाच-सहा गाड्या बघा.

आवाज: कानांवर भरवसा ठेवू नका

व्हिडिओपेक्षा आवाज नकली करणं सोपं आहे. २०२३ च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत हे आपण घरात बसून पाहिलं. कौन बनेगा करोडपतीचा एक तुकडा फिरला. चित्र खरं, अमिताभ बच्चन खरे, पण त्यांच्या तोंडी शिवराजसिंह चौहानांची खिल्ली उडवणारा प्रश्न. वाहिनीने जाहीर केलं की आवाज बनावट आहे. त्याच निवडणुकीत कमलनाथ लाडली बहना बंद करणार असल्याचं 'स्वतः सांगतायत' असाही व्हिडिओ आला. तोही बनावट निघाला. एक भाजपच्या विरोधात, एक काँग्रेसच्या. पुढच्या वर्षी लोकसभेच्या वेळी आमिर खानच्या जुन्या कार्यक्रमाचं चित्र घेऊन नवा आवाज चिकटवला गेला, आणि अमित शहांचं आरक्षणावरचं भाषण कापून उलट्या अर्थाचं केलं गेलं, त्यात अटकाही झाल्या.

ओठ जुळतात का, डोळे मिटतात का असले सल्ले मी आता देत नाही. तंत्र इतकं सुधारलंय की पंचाहत्तरीच्या काकांना पापण्या मोजायला लावून उपयोग नाही. त्याऐवजी प्रसंग शोधा. नेता बोलला तर कुठे तरी उभा राहून बोलला असेल. मागच्या बॅनरवर सभेचं नाव, गाव, तारीख असते. ती घेऊन पक्षाच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर किंवा एखाद्या वृत्तवाहिनीवर पूर्ण भाषण काढा, आणि ते वाक्य ऐकण्याआधी दोन मिनिटं मागे जा. बहुतेक कापलेल्या वाक्यांचा जीव त्या दोन मिनिटांत असतो: 'विरोधक म्हणतात की…' एवढंच कापलेलं असतं. आणि इतकं खळबळजनक वाक्य एकाही दुसऱ्या कॅमेऱ्यात नसेल, तर ते बोललं गेलंच नाही असं धरा. नुसती ऑडिओ क्लिप असेल, ना गाव ना तारीख, तर ती तपासायचीही नाही आणि पाठवायचीही नाही.

भाषांतर: इथे आपली परीक्षा

माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून थोडी रेंगाळते.

हिंदी आणि मराठीत असे कितीतरी शब्द आहेत जे दिसतात सारखे आणि अर्थ मात्र भलताच. राजकारणात यातले नेमके स्फोटक शब्द सारखे येतात. हिंदीत 'दंगल' म्हणजे कुस्तीचा फड. मराठीत दंगल म्हणजे दगडफेक, संचारबंदी. आता नागपंचमीच्या सुमाराला आपल्याकडे 'विशाल दंगल' लिहिलेला फलक लागला आणि त्याचा फोटो कुणी कौतुकाने नाशिकच्या भाच्याला पाठवला, तर तिकडे काय समजतील?

'घटना' मराठीत संविधानही असते. 'घटना बदलणार' हे मराठी वाक्य हिंदी माणसाला अर्धवटच कळतं. उलट हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती, आणि आपल्याला वाटतं कुणी पीएचडी करतंय. मराठीत मंत्र्याने 'राजीनामा' दिला म्हणजे पद सोडलं. हिंदीत कोर्टात 'राजीनामा' झाला म्हणजे समझोता झाला. 'शिक्षा' हिंदीत शाळेत मिळते, मराठीत तुरुंगात. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. यातला कुठलाही शब्द मथळ्यात दिसला आणि मजकूर दुसऱ्या भाषेतून आलेला असेल, तर मूळ वाक्य बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोबाइलमधलं आपोआप भाषांतर तर इथे हमखास घसरतं.

त्याहून बारीक गोष्ट टोमण्याची. मराठी नेता सभेत 'वा, वा, छान चाललंय तुमचं!' म्हणतो, सभा हसते. खाली हिंदी पट्टी येते: 'बहुत अच्छा काम चल रहा है।' विरोधकाचं कौतुक केलं म्हणून क्लिप फिरते. शब्दाला शब्द बरोबर आहे, खोटं कुठेच नाही, आणि अर्थ पार उलटा. हे पकडू शकेल असा माणूस कोण? गुणा-भोपाळच्या माणसाला मराठी येत नाही, साताऱ्याचा माणूस ती हिंदी क्लिप बघणार नाही. तुमच्याकडे आली असेल तर उत्तर द्यायची पाळी तुमचीच आहे. ग्रुपवर दोन ओळी पुरतात: मूळ मराठीत हा टोमणा आहे, सूर असा आहे.

इन्फ्लुएन्सर: माणूस तपासायचा कसा

मेसेज एकदा तपासला की संपतो. रोज संध्याकाळी घरात येणारा चेहरा संपत नाही. तो आपल्याला आवडतो, आपल्यासारखं बोलतो, इंदोरी थाटात 'भिया' म्हणतो, म्हणून त्याची तपासणी वेगळी.

आधी एक स्पष्ट करते. एका बाजूचा असणं हा गुन्हा नाही. मी स्वतः पुण्याच्या एका विश्लेषकाला नेमाने ऐकते, तो उघड एका बाजूचा आहे. पण तो कागद दाखवतो, पान क्रमांक सांगतो, आणि चुकला तर पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीला सांगतो. याउलट 'मी कुठल्याच पक्षाचा नाही, मी फक्त देशाचा' असं दर चार वाक्यांनी म्हणणारे बरेच पाहिले. त्यांच्यापासून मी जपून असते.

एका संध्याकाळी वही घेऊन बसा. त्या चॅनेलचे शेवटचे वीस व्हिडिओ, नुसते मथळे. समोर लिहा: दोष कुणाला दिला. वीसपैकी वीस एकाच पक्षावर असतील तर तो प्रचारक आहे. प्रचारक म्हणून ऐका, बातमीदार म्हणून नको. मग एखादी अशी गोष्ट शोधा जी दोन्ही पक्षांच्या राज्यांत घडली आहे, परीक्षेचा पेपर फुटणं, पूल कोसळणं, आमदार फुटणं, आणि तो दोन्ही वेळा काय बोलला ते शेजारी शेजारी ठेवा. इथे फार थोडे टिकतात.

पुढे, खात्याचा जन्म. इंदूरमध्ये खाण्याच्या पानांना तोटा नाही. छप्पन दुकानची गर्दी, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, सकाळची पोहा-जिलेबी यावर हजारो लोक जमतात, आणि निवडणुकीच्या तोंडावर एखादं पान एकाएकी उड्डाणपूल आणि मंत्र्यांच्या भेटी दाखवायला लागतं. फेसबुकवर पानाच्या 'पारदर्शकता' भागात जा: पान कधी सुरू झालं, आधी नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात बसतात, हे तिथे दिसतं. इन्स्टाग्रामवर 'या खात्याविषयी' मध्ये सुरू झाल्याची तारीख दिसते. एक्सनेही नोव्हेंबर २०२५ पासून खातं कुठल्या देशातून चालतं हे दाखवायला सुरुवात केली आहे.

मग पैसा. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) ॲड लायब्ररीत देश भारत निवडा, राजकीय जाहिरातींचा प्रकार निवडा, पानाचं नाव टाका. पैसे कुणी दिले आणि साधारण किती, हे दिसतं. गूगल आणि यूट्यूबसाठी गूगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र आहे. पण यात फक्त कंपनीला दिलेले जाहिरातीचे पैसे दिसतात, इन्फ्लुएन्सरच्या हातात थेट पडलेले नाहीत. साबण विकणाऱ्या रीलवर 'जाहिरात' लिहायचं बंधन २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांत आहे, पण राजकीय प्रचार त्या परिषदेच्या कक्षेतच येत नाही. आणि सरकारी पैसा तर उघड धोरण म्हणून येतो: राजस्थानात काँग्रेस सरकार असताना २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरना जाहिराती देण्याचं धोरण आलं, उत्तर प्रदेशच्या भाजप सरकारच्या २०२४ च्या धोरणात यूट्यूबवाल्यांना महिन्याला आठ लाखांपर्यंतची मर्यादा ठेवली. यात बेकायदा काही नाही. फक्त पुढच्या वेळी एखादा हसरा चेहरा योजनेचं कौतुक करताना दिसला की हे लक्षात असू द्या.

माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे चुकीचं शुद्धलेखन. संशयास्पद पोस्टमधलं एखादं विचित्र वाक्य अवतरणचिन्हात घालून शोधा. तेच वाक्य, तीच ऱ्हस्व-दीर्घाची चूक, तासाभरात दहा खात्यांवर दिसली तर ते दहा जण नव्हेत, एका ठिकाणाहून मजकूर वाटला गेला आहे. विचार दहा जणांचे जुळतात, वेलांटी जुळत नाही.

आणि खरे आकडे. यात सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण तपासलं तर आकडा बरोबर निघतो. इंदूरचाच घ्या. एका बाजूचे चॅनेल सांगत होते: ११,७५,०९२ मतांचं मताधिक्य, बघा लोकप्रियता. दुसऱ्या बाजूचे: नोटाला दोन लाखांवर मतं, बघा राग. दोन्ही आकडे खरे. पण पहिल्याने मुख्य प्रतिस्पर्धी मैदानातच नव्हता हे गाळलं, आणि दुसऱ्याने जिंकलेल्या उमेदवाराला सव्वाबारा लाख पडली हे गाळलं. इन्फ्लुएन्सर आकडा देतो तेव्हा तो किती पैकी, कुणाच्या तुलनेत, आणि त्या दिवशी आणखी काय घडलं होतं, एवढं विचारा.

'माध्यमं हे दाखवणार नाहीत', 'डिलीट व्हायच्या आत बघा' असं ऐकू आलं की व्हिडिओ बंद केला तरी चालतं.

कुणाला विचारायचं, तक्रार कुठे

मराठीत तपासणी करणाऱ्या साइट आहेत: न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो, विश्वास न्यूज. हिंदी-इंग्रजीत बूम आणि ऑल्ट न्यूज. मराठीत सापडलं नाही तर तोच दावा हिंदीत शोधा, पुष्कळदा तिथे उत्तर आधीच आलेलं असतं. पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक केंद्र सरकारविषयीच्या बातम्यांपुरतं, आणि तो सरकारचा खुलासा आहे हे ध्यानात ठेवून वाचायचं. सरकारनेच आपल्याविषयीचं खरं-खोटं ठरवून मजकूर काढायला लावावा ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ते मला योग्यच वाटलं. निवडणुकीविषयीच्या अफवांसाठी आयोगाने एप्रिल २०२४ पासून 'मिथ व्हर्सेस रिॲलिटी' नावाची नोंदवही उघडली आहे.

सी-व्हिजिल ॲपबद्दल लोकांचा गैरसमज असतो. आचारसंहितेच्या काळात पैसे-दारूचं वाटप डोळ्यांसमोर दिसलं तर तिथल्या तिथे ॲपमधूनच फोटो काढून पाठवायचा, शंभर मिनिटांत दखल घेतली जाते. गॅलरीतला जुना व्हिडिओ त्यात टाकता येत नाही, म्हणजे फॉरवर्ड आलेल्या क्लिपसाठी ते निरुपयोगी. त्यासाठी जिल्हा निवडणूक कार्यालय किंवा १९५०. उमेदवाराला आपली अधिकृत सोशल मीडिया खाती उमेदवारी अर्जाबरोबरच्या शपथपत्रात द्यावी लागतात, तेव्हा 'हे उमेदवाराचंच खातं का' हे आयोगाच्या साइटवर शपथपत्र उघडून बघता येतं. ओटीपी मागितला, पैसे गेले, तर मात्र १९३० ला ताबडतोब फोन.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर: एखाद्या सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. पण आपण मध्य प्रदेशात राहतो, आणि सणासुदीला, निवडणुकीला निघणाऱ्या जिल्हा प्रशासनाच्या प्रतिबंधात्मक आदेशांत सोशल मीडियाचा उल्लेख असतो. गावात तणाव असेल त्या रात्री 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे बटण दाबून झोपा.

घरात

आता खरं अवघड काम. आमचे नानाकाका, लोकमान्य नगरात राहतात, वय एक्याऐंशी. रोज पहाटे सहाला पाच मेसेज. पहिल्यांदा मी चार लोकांत, ग्रुपवरच लिहिलं: 'काका, हे फेक आहे.' काकांनी ग्रुप सोडला. दिवाळीला फराळाला आले नाहीत. चूक माझीच होती. ज्यांनी आपल्याला अक्षरं गिरवायला शिकवली त्यांना चाळीस जणांसमोर खोटं पाडायचं नसतं.

मग रीत बदलली. ग्रुपवर काही नाही. फोन करायचा, आधी गुडघ्याची चौकशी, मग: 'काका, तुम्ही सकाळी टाकलात ना तो व्हिडिओ, मी पूर्ण भाषण शोधलं. पाठवू का? त्यात पुढे काहीतरी वेगळंच आहे, तुम्हीच बघून सांगा.' फेक, अफवा, तुमचा पक्ष, हे शब्द नाहीत. खुलाशाची लिंक नाही, कारण खुलासा करणारा कुणाचा माणूस यावर वाद सुरू होतो. मूळ वस्तू द्यायची. आणि दहांतल्या एखाद्या वेळी काकांचा मेसेज खरा निघतो, तेव्हा ते आवर्जून ग्रुपवर सांगायचं: काकांनी टाकलंय ते बरोबर आहे, मी पाहिलं.

आपली चूक झाली असेल तर जिथे टाकली तिथेच, त्याच भाषेत दुरुस्ती टाका. व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण नुसता काढू नका, का काढला ते लिहा. नोटाची माझी दुरुस्ती मी हिंदीत टाकली तेव्हा मूळ मेसेजला तीसेक अंगठे होते, दुरुस्तीला दोन. एक वकीलसाहेबांचा. दुसरा बहुधा चुकून दाबला गेला असावा.

नानाकाका आता ग्रुपवर परत आलेत. मेसेज आधी मला खासगीत येतो, खाली लिहिलेलं असतं, 'बघ गं.' काल रात्री सव्वा तासाचं एक भाषण आलंय. चाळीस मिनिटं ऐकून झाली, ते वाक्य अजून आलेलं नाही.